तिसऱ्या गाडीचा पट्टा

तिसऱ्या गाडीच्या दारावरचा पट्टा दुपारी तीन वाजता कोपऱ्यातून उचकटला. हीट गनची गरम हवा देऊन दाबला. दहा मिनिटांत पुन्हा वर.

रत्नागिरीत माझं गाड्यांच्या स्टिकरचं वर्कशॉप आहे. पोलिसांच्या तीन गस्ती गाड्यांची रंगसंगती बदलायची होती. जुने लाल पट्टे काढून चिकट शीटचे, निळ्या-पिवळ्या चौकोनांचे नवे पट्टे लावायचे. ही शीट उजेड पडला की चमकते; आमच्याकडे तिला रेडियम म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला इन्स्पेक्शन होतं.

इन्स्पेक्शन करणाऱ्या पोलीस साहेबांचा फोन आला. "मॅडम, झालं का?"

"दोन झाल्या. तिसरीवर चिकटत नाहीये."

"माल खराब असेल, तर मी तिन्ही गाड्या नाकारणार. आधीच सांगतो."

"तासाभरात कळवते."

शीटचा रोल खराब असता तर काम हातचं गेलंच असतं. नवा मुंबईहून यायला दोन दिवस. पण त्याच रोलचे पट्टे आधीच्या दोन्ही गाड्यांवर घट्ट होते. मी या दारावर बोट फिरवलं. बुळबुळीत.

गाडीचे ड्रायव्हर सुर्वे हवालदार बाकड्यावर चहा पीत होते.

"सुर्वे, गाडी कशाने पुसता?"

"खोबरेल नि डिझेल, ताई. आमची गस्त पूर्णगडकडे. खारं वारं पत्रा खातं ओ. दर रविवारी दारांना चोळतो. काल तर जरा जास्तच चोळलं. नवे कपडे मिळणार होते ना तिला!"

"ते कपडे अंगावर राहत नाहीयेत."

त्यांचा चेहरा उतरला. "साहेबांना सांगणार?"

मी फोन लावला. "साहेब, माल चांगला आहे. दारांवर तेलाचा थर होता. तो काढणं आमचं काम, ते राहिलं."

खरंच राहिलं होतं. गाडी इतकी लख्ख, की नुसत्या शाम्पूने धुऊन आम्ही शीट लावली. तेल काढायचं लिक्विड बाटलीतच.

उचकटलेली शीट परत चिकटत नाही. रोलवर जेमतेम दोन दारांपुरती उरली होती. सुर्व्यांनी बाह्या सरसावल्या आणि फडकं पांढरं निघेपर्यंत पुसलं. साडेसहाला शेवटचा चौकोन बसला.

सकाळी साहेबांनी कडेला नख घालून पाहिलं. पट्टा हलला नाही. त्यांनी सही केली, आणि कालपासून पहिल्यांदा मला भूक लागली.

"ताई, आता तेल बंद?" सुर्व्यांनी हळूच विचारलं.

"पट्टा सोडून कुठेही लावा."

गाडी किती मळलेली आहे ते दिसतं. किती जपलेली आहे ते मात्र विचारावं लागतं. आता मी आधी ड्रायव्हरला विचारते, मग पत्र्याला हात लावते.