म्हैस कल्चरमध्ये बसत नाही

कोल्हापूरचा माणूस स्वतःला दिलेली शिवी एक वेळ पचवील, म्हशीला दिलेली पचवणार नाही. आमच्या दारात पिढ्यानपिढ्या म्हशीच. आधी म्हैस आली, मग मी आलो, आणि आईच्या मते अक्कलही त्याच क्रमानं वाटली गेली.

नववीत असताना इंग्रजीच्या सरांनी आमच्या म्हशीचा अपमान केला. त्याचा सूड मी कसा उगवला ते सांगतो. कुठं कुठं थोडं वाढवून सांगेन. दुधात पाणी घालत नाही आम्ही. गोष्टीत घालायला कोण अडवतंय?

तर सरांनी त्या वर्षी 'आउटिंग' नावाची एक योजना काढली. शाळेबाहेर जाऊन काहीतरी सांस्कृतिक बघायचं, त्यावर रीडिंग जर्नलमध्ये इंग्रजीत पानभर लिहायचं आणि जादा दहा मार्क घ्यायचे. रीडिंग जर्नल म्हणजे वाचलेल्या पुस्तकांवर आपलं मत लिहायची वही. मतं आमच्याकडं पोत्यानं होती, अडत होतं ते पुस्तकांचंच. पण जादा मार्क म्हटल्यावर सगळा वर्ग सांस्कृतिक झाला. एक जण म्युझियमच्या दारात भेळ खात थांबला आणि आत पाय न टाकता पानभर लिहून दहा घेऊन गेला. दुसरा नाटकाला गेला, पहिल्या घंटेलाच झोपला आणि तिसऱ्या अंकाचं कौतुक लिहून आला. नाटक दोन अंकी होतं. त्याला नऊ.

मी तेवढा खरं लिहिणारा निघालो. दिवाळी पाडव्याला आमच्याकडं म्हशींची सगर असते, म्हणजे सजवलेल्या म्हशी गावातून पळवतात, तिच्यावर लिहिलं. म्हशीला पंचगंगेत धुतात, शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांची माळ, डोक्यावर मोरपिसांचा तुरा. धनी मोटारसायकलचा सायलेन्सर काढतो, गाडी पुढं पळवतो आणि हाक मारतो. दावं नाही, काठी नाही. नुसत्या हाकेवर म्हैस त्या फटफटीमागं सुसाट सुटते. हजार माणसांच्या कालव्यातून तिला आपल्या माणसाचा गळा कळतो. माझं इंग्रजी तेव्हा तीन पायांच्या खाटेसारखं डुगडुगायचं, पण ते पान मी जीव ओतून लिहिलं होतं.

वही परत आली. लाल शाईत कलिंगडाएवढं शून्य, आणि खाली: 'बफेलो इज नॉट कल्चर.'

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. सरांनी ते पान वर्गात मोठ्यानं वाचलं. हाकेपाशी आले, वही टेबलावर ठेवली, तोंडाला हात लावला आणि माझ्याकडं बघत ओरडले, "ह्यॉऽऽव! बाऽ बाऽ बाऽ!"

बाकं हसली, पंखा हसला, भिंतीवरचा जगाचा नकाशा हसून खिळ्यावरून निसटला. त्या दिवसापासून सरांनी माझं नाव टाकलं. हजेरीला हाक, प्रश्न विचारायचा तर हाक, खडू आणायला पाठवायचं तरी हाक.

मी म्हशीची शपथ घेतली. ती लाल ओळ सरांच्याच हातानं खोडून घ्यायची. आमच्यात म्हशीची शपथ घेतली की सुटका नसते.

दुसऱ्या दिवशी भाकरीच्या डब्याखाली मोबाईल लपवून नेला आणि सरांची हाक रेकॉर्ड केली. संध्याकाळी गोठ्यात म्हशीच्या कानाशी ती लावायची, लगेच गूळ घातलेली सरकी पेंड पुढं करायची. रोज तोच उद्योग. महिनाभरात म्हैस अशी तयार झाली की हाक वाजली की फोनच चाटायची. पुढं पुढं तर नुसत्या हाकेवर पान्हा सोडायची. आईला हे पटत नाही, पण आई तेव्हा स्वयंपाकघरात होती.

एकदा बाबा धार काढता काढता थांबले.

"कोण रं ह्यो वराडतोय?"

"आमचं इंग्रजीचं सर."

"खुळा हायस काय? ही नक्कल न्हाय. गोठ्यात वाढलेला गळा हाय ह्यो. आन् हे 'बा बा' आपल्यातलं न्हवं. गडहिंग्लजच्या खाली, कानडी मुलखाकडं असं बोलवत्यात म्हशीला."

मला वाटलं, माझ्याच अंगात कुणी पेंढा पेटवला. नक्कल असती तर एक वेळ माफ केलं असतं. हा तर घरचा भेदी निघाला! शेणात वाढलेला माणूस आमच्या शेणाला नाक मुरडत होता.

जानेवारीत सरांनी शाळेच्या मैदानावर रीडिंग जर्नलांचा कार्यक्रम ठेवला. पालक खुर्च्यांवर, संस्थेचे अध्यक्ष पुढच्या सोफ्यावर, सर कोटात. ज्यांना दहा मिळाले ते पानं वाचणार, आणि शून्यवाला मी पाहुण्यांना पाणी देणार. म्हैस मी मागच्या गल्लीत बांधली होती. म्हणजे बांधल्यासारखी दिसेल, एवढंच दावं गुंडाळलं होतं.

भेळवाल्याचं वाचून झालं. लोक जांभया द्यायला लागले. सरांना वाटलं, जरा हसवावं. माईक जवळ घेतला आणि मला पाणी आणायला हाक मारली, "ह्यॉऽऽव! बाऽ बाऽ बाऽ!"

चार कर्ण्यांतून ती हाक निघाली. रंकाळ्यातलं पाणी हललं म्हणतात. आणि गल्लीतून आमची बाई आली. आली म्हणजे काय, धरणाचा दरवाजा उघडावा तशी आली. खुर्च्या पत्त्यांसारख्या उडाल्या, भेळवाला पहिल्यांदाच खऱ्या संस्कृतीच्या समोर उभा राहिला आणि पळाला. स्टेजच्या पायऱ्या चढून ती थेट सरांपाशी गेली आणि कोटाच्या खिशात तोंड घालून पेंड शोधू लागली.

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "सर, ही विद्यार्थिनी कुठल्या इयत्तेतली?"

सर कोटावरची लाळ पुसत माझ्या अंगावर आले. "हे तू केलंस!"

"मी काय केलं, सर? हाक तुम्ही मारली."

शून्य मात्र तसंच राहिलं. माझा जीव शांत झाला नव्हता.

मग पुढचा पाडवा आला. शिंगं रंगली, सायलेन्सर निघाला, बाबांनी गाडीवरून हाक दिली. म्हैस जागची हलली नाही. पुन्हा दिली. तिनं शेपटीनं माशी वारली. सगळी गल्ली हसायला लागली. "पावणं, नवी म्हैस हाय का? वळख न्हाय वाटतं!" बाबांचं तोंड शिंगांपेक्षा लाल झालं. मी गपचूप फोनवरची हाक लावली, पण फटफटींच्या आवाजात फोन काय ऐकू येणार?

बाबा माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "आण तुझ्या त्या सराला."

घरी गेलो तर सर बनियनवर चकली खात होते.

"सर, चला. आउटिंग हाय."

"वेड लागलंय का तुला? मी नाही येणार."

"मग गडहिंग्लजच्या खालचा गोठा वर्गात सांगू का?"

चकली हातातच राहिली. मी विचारलं, "लई म्हशी होत्या, सर?"

"दावणीला जागा पुरत नव्हती," म्हणाले, आणि सदरा शोधायला लागले.

बाबांच्या मागं बसवलं त्यांना. पहिली हाक अशी मारली, जशी काही ग्रंथालयात बसलेत. बाबा कडाडले, "सर, वर्गात मारता तशी मारा की!"

मग निघाली हाक. पोटातून, कानडी मुलखातून, कुठल्या तरी जुन्या दावणीवरून. म्हैस उधळली ती देवळाच्या महाद्वारापर्यंत पाय जमिनीला लागले नाहीत. सरांच्या डोक्यावर कुणीतरी फेटा बांधला, चष्मा कुठं तरी उडाला आणि सर गाडीवर उभं राहून बोंबलत होते. मी त्यांना फजितीसाठी आणलं होतं आणि हा माणूस नवरदेवासारखा खुलला होता! माझा सूड माझ्या डोळ्यांदेखत वरातीत नाचत होता.

परत आल्यावर धारोष्ण दुधाचा पेला संपवून त्यांनी स्वतःच माझी वही मागितली. लाल ओळ खोडली, शून्याच्या आधी एक काढला, सही केली. नववी केव्हाच पास झालो होतो. ते दहा कुठल्याही निकालात जमा झाले नाहीत. पण शपथ सुटली.

राग कुठं सुटला होता? मी म्हणालो, "आता तुमचं पान द्या, सर. तुम्हीबी आउटिंगला गेलता."

सुट्टी संपल्यावर त्यांनी खरंच पान आणून दिलं. डिक्शनरी घेऊन वाचलं मी. त्यांच्या आईचा गोठा होता त्यात. पहाटे ती हाक कशी मारायची ते होतं. पान चांगलं होतं. इतकं चांगलं की राग हातातून निसटायला लागला. म्हणून तर लाल पेन काढलं आणि त्यांचीच ओळ त्यांच्या पानाखाली लिहिली, शून्यासकट. पान मात्र त्यांना परत दिलं नाही.

आता सर निवृत्त झालेत. संध्याकाळी दूध कट्ट्यावर येतात, जिथं आम्ही म्हैस उभी करून गिऱ्हाइकासमोरच धार काढून देतो. म्हैस त्यांना बघून माझ्या हातातून दावं ओढते.

"माझ्या पानाचं काय झालं रे?" दर वेळी विचारतात.

मी पेला काठोकाठ भरतो, वर फेस येईपर्यंत. दुधाचे पैसे त्यांच्याकडून घेत नाही.

"तपासतोय, सर," म्हणतो.