न सुजलेला गाल

देवासच्या कारखान्यात योगेंद्रला आजारपणाची रजा ठाऊकच नव्हती. सारं खातं तापानं फणफणलं तरी हा गडी आपला ठणठणीत. लग्नाआधी, ऐन विशीत, तो धारला थोरल्या भावाकडे राहत होता, तेव्हा घरात गालगुंडांची साथ आली. भावाच्या पोरांचे गाल सुजून टम्म झाले. योगेंद्रनं त्यांना कडेवर घेतलं, त्यांच्या ताटातलं उष्टं खाल्लं, पण याचा गाल काही सुजला नाही. "माझ्या योगूवर देवीचा हात आहे," असं त्याची आई, माई, येईल त्याला कौतुकानं सांगे.

म्हणूनच लग्नाला नऊ वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, तेव्हा सगळ्यांची बोटं त्याच्या बायकोकडे, अल्पनाकडे वळली. तपासण्या तिच्या, औषधं तिची, देवीच्या टेकडीवर नवस बोलायचे तेही तिनंच. इतक्या धडधाकट माणसाला कशाला कोण तपासतंय?

२००१ साली इंदूरच्या एका डॉक्टरांनी मात्र हट्ट धरला. तपासणीचा निकाल ऐकायला योगेंद्र एकटाच गेला. शुक्राणू जवळजवळ नव्हतेच.

"कधी गलसुए, म्हणजे गालगुंड, झाले होते?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरात सगळ्यांना झाले. मला नाही."

"भिया, कधी कधी विषाणू येऊन जातो आणि पता भी नहीं चलता. ताप नाही, सूज नाही, पण आत अंडकोषांचं नुकसान करून जातो. तुमचं तेच झालं असं पक्कं नाही सांगू शकत. शक्य आहे, एवढंच."

त्या दिवसापासून योगेंद्रला स्वतःच्या निरोगी दिवसांचीच भीती वाटू लागली. दाढी करताना हात गालावर थबकायचा. त्या साथीतला नेमका कोणता दिवस? तो जेवला होता, पोरांशी हसला-खेळला होता, आणि त्याच वेळी कोणीतरी चोरपावलांनी अंगात शिरून घर धुऊन नेलं होतं. चाहूलसुद्धा लागली नव्हती.

त्यानं माईला सांगितलं.

"सुनेला सांगू नकोस," ती म्हणाली. "तिला बोल ऐकायची सवय झालीय. तुला नाही सोसायचं."

त्याला लाज वाटली. मग हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज जास्तच बोचली.

घरी भाजी-भाताचं ताट मांडून अल्पना पोळ्यांची कणीक मळत होती. "काय म्हणाले डॉक्टर?"

"सगळं ठीक आहे."

"बरं झालं बाई," ती मनापासून म्हणाली. "तुमच्यात काही निघालं असतं तर माई खचल्या असत्या. माझं काय, मला चालतं."

योगेंद्रनं मान खाली घातली आणि ताट पुढे ओढलं.