धुणं काढलं का?

दस्तगीरचाचांनी रफू केलेला कपडा गिऱ्हाइकाच्या हातात मुकाट्यानं कधी दिला नाही. आधी तो उजेडात पसरायचा, हात पाठीमागं बांधायचे आणि म्हणायचं, "शोधा बघू पावणं, भोक कुठं हुतं त्ये." पावणं कपड्यावर नाक टेकवायचे, उलटसुलट करायचे आणि शेवटी हार मानायचे. मग चाचा दाढीतल्या दाढीत हसत घडी घालायचे. एखाद्यानं नेमकी जागा दाखवलीच तर वाद घालायचे नाहीत. तिथल्या तिथं रफू उसवायचे आणि "उद्या या," म्हणायचे. "रफू दिसलं म्हंजे त्ये ठिगळ झालं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

लक्ष्मीपुरीत एका टॉकीजच्या बोळात, जिन्याखाली त्यांची फळी होती. ऐंशीचं दशक निम्मं सरलं असेल, त्या सुमारास मी त्यांच्या शेजारचा गाळा घेऊन तिथं व्हिडिओ गेमची मशिनं आणून ठेवली. माझ्या वडिलांनी त्याला 'पोरं नासवायचा कारखाना' असं नाव दिलं होतं. त्या दणदणाटाला पहिला विरोध चाचा करणार, अशी माझी खात्री होती. ते पहिल्याच संध्याकाळी आले. चष्मा सदऱ्याला पुसला आणि गर्दीत मान घालून उभे राहिले.

मोटारीच्या शर्यतीचं मशिन होतं. स्टिअरिंगच्या चाकावर एक कॉलेजचा गडी बसला होता आणि मागून सगळे ओरडत होते, "मार कट, मार!" तेवढ्यात चाचा त्यांच्यापेक्षा मोठ्यानं म्हणाले, "आरं, त्या घराचं धुणं काढलं की कुणीतरी!"

गड्याचं लक्ष उडालं आणि मोटार दरीत गेली. लोक खो खो हसले. चाचा मात्र पडद्याजवळ बोट नेऊन मला समजावत होते. रस्त्याकडेला टेकडीवर नखाएवढं एक घर होतं. शर्यत सुरू होते तेव्हा दुपार असते आणि घरापुढच्या दोरीवर कपडे वाळत असतात. पुढं आभाळ तांबडं होतं, मोटार फिरून त्याच घरावरून जाते, तेव्हा दोरी मोकळी असते आणि खिडकीत दिवा असतो. मशिन आणून देणाऱ्या मेकॅनिकलाही हे ठाऊक नव्हतं. मोटार चालवणारा रस्ता बघणार, घर कोण बघतो?

"ज्यानं ह्ये काढलं त्यो कुठल्या मुलखातला आसंल त्यो आसंल," चाचा म्हणाले. "कुणी बघणार न्हाय ह्ये त्येला ठावं हुतं. तरीबी काढलं. माजा जातभाईच म्हणायचा त्यो."

तेव्हापासून दिवस कलला, सुईत दोरा ओवायचा उजेड सरला, की चाचा माझ्या दुकानात यायचे. कधी खेळले नाहीत. विमानाच्या खेळात विमान उंच गेलं की पाण्यावरची त्याची सावली लहान होते, हे त्यांनी दाखवलं. जंगलाच्या खेळातल्या माणसाला जरा वेळ कुणी हलवलंच नाही तर तो कपाळाचा घाम पुसतो, हेही त्यांनीच शोधून काढलं. पण त्यासाठी ते खेळणाऱ्याला मध्येच दरडावायचे, "हलू नगंस, थांब की जरा!" खेळणारा वैतागायचा. "चाचा, ह्यो काय सिनेमा हाय व्हय? मरतोय की मी हितं!"

"मर की मग," चाचा शांतपणे म्हणायचे. "पळताना समदेच बघत्यात. थांबल्यावर माणूस काय करतंय त्ये बघावं."

मला आधी ही म्हातारपणाची लहर वाटली. पण संगतीचा गुण लागतोच. गाळ्यात गर्दी नसली की मी एकटाच पडद्याच्या कडेकोपऱ्यात काहीबाही शोधत बसू लागलो, आणि सापडलं की पोरासारखा शेजारी सांगायला धावू लागलो.

रफूची परीक्षा ते माझ्याकडूनही करून घ्यायचे. कपडा गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी माझ्यापुढं पसरायचा, "शोध, सदा." त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतला धागा काढून ते भोक भरत. बाहेरचा दोरा म्हणजे परका, तो कधीतरी चुगली करणारच, असं त्यांचं मत होतं. इतक्या वर्षांत मला एकही रफू सापडलं नव्हतं आणि त्याचा मला चाचांइतकाच अभिमान होता.

मग हातकणंगल्याच्या एका गृहस्थांचा कोट आला. वारलेल्या वडिलांचा, चॉकलेटी, लोकरीचा. मुलीच्या लग्नात तोच घालून उभं राहायचं त्यांच्या मनात होतं आणि कसरीनं छातीवरच खाल्लं होतं. चाचा त्या कोटावर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दिवस वाकून बसले. ते सारखे डोळे पुसताना मला दिसायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जाऊन आल्याचं त्यांनी सांगितलं होतं; काय म्हणाले, ते सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी कोट माझ्यापुढं पसरला. "शोध, सदा."

मला ते रफू सापडलं. कापडाची वीण तिरकी होती, सगळीकडून एकाच दिशेला उतरत आलेली. छातीवर एका जागी ती सरळ गेली होती. उजेड तिथं येऊन अडत होता. हे रफू दिसलं म्हणजे चाचांचे डोळे थकले, हे मला कळत होतं. 'न्हाय सापडलं,' एवढं म्हटलं असतं तर म्हातारा हसला असता, आणि उद्या पुन्हा फळीवर बसला असता. पण ज्यानं मला बघायला शिकवलं त्याच्यापुढंच न दिसल्याचं सोंग करणं मला जमेना. मी त्या जागेवर बोट ठेवलं.

चाचांनी वाकून पाहिलं. मग बोटांनी चाचपून पाहिलं.

"शिकलास की रं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ आले. चाचांनी त्यांना शोधायला लावलं नाही, स्वतःच जागा दाखवली. गृहस्थ म्हणाले, "मला तर कायबी दिसत न्हाय! लई झ्याक झालंय की!"

"तुमाला दिसत न्हाय, पर हाय," चाचा म्हणाले. मजुरी त्यांनी घेतली नाही. कोट गेल्यावर सुया डबीत भरल्या, डबी खिशात घातली आणि फळी उचलून जिन्याच्या भिंतीला लावली. डोळ्याची शीर सुकत चालली आहे आणि त्यावर इलाज नाही, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. मी रडलो. ते नाही रडले.

त्यानंतरही ते यायचे, भिंत चाचपत. मोटारीच्या मशिनशेजारी मी त्यांच्यासाठी स्टूल ठेवलं होतं. इंजिनाचा आवाज ऐकत बसायचे आणि मध्येच विचारायचे, "धुणं काढलं का?" चाकावर जो कुणी असेल तो रस्ता सोडून टेकडीकडं बघायचा. "काढलं, चाचा. दिवाबी लागला." पहिल्या दिवशी खो खो हसलेली तीच माणसं होती ही.

पावसाळ्यात त्यांच्या छातीच्या दुखण्यानं उचल खाल्ली आणि येणं थांबलं. एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. खाटेवर ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. दुकान रिकामं असताना त्या दिवशी मला एक गोष्ट सापडली होती, ती सांगायला मी उतावीळ झालो होतो.

"चाचा, धुणं काढल्यावर दोरी मोकळी नसतीय. एक लाल ठिपका ऱ्हातोय. चिमटा हाय त्यो. काढायचा विसरलाय."

ते माझ्याकडं वळले. न दिसणारे डोळे हसले.

"पैल्या दिवसापासनं हाय त्यो," ते म्हणाले. "तुज्यासाठी ठेवलाता."

तो आठवडा संपायच्या आत चाचा गेले. पुढं घरोघरी टीव्हीवर खेळायचे गेम आले, माझा गाळा उठला, मशिनं भंगारात गेली. त्या घराचं चित्र कुणी काढलं, हे मला कधीच कळलं नाही. अजून दिवस कलताना कुणी बाई दोरीवरचं धुणं काढताना दिसली की मी थांबतो, आणि ती बाई आत गेल्यावर दोरीकडं बघतो.