चंद्रीची डबी

परवा आळंदच्या घरी नातीचं पार्सल आलं. एवढीशी डबी, आत पांढरं क्रीम... तोंडाला लावायचं. कशाचं गं, विचारलं तर म्हणाली, "आज्जी, मशरूमचं."

मला हसूच आलं. आमच्या माळावर फुकट उगवायची ती अळंबी आता खोक्यात बसून बंगळुरूहून येतेय. मला अक्षर येत नाही, तेव्हा बोलतेय मी आणि लिहितेय नात... चूक सापडली तर तिची, खोटं सापडलं तर माझं.

माझी धाकटी बहीण चंद्री. लहानपणी देवी आल्या आणि जाताना तिच्या दोन्ही गालांवर वण ठेवून गेल्या. आमच्याकडं मैसूर राज्य होतं तेव्हाची गोष्ट... दोन स्थळं तिचं तोंड बघून चहा न पिताच उठली.

तिसरं स्थळ राजेश्वर गावचं. माझं लग्न झालेलं, म्हणजे मी शहाणी. औरादकडं आमच्या माहेरी पावसाळ्यात लिंबाएवढी गोल अळंबी यायची... छत्री नाही, नुसता चेंडू. वाळली की दाबल्यावर आतून तपकिरी भुकटी निघते, ती बाया लेकरांच्या चट्ट्यांना लावायच्या.

मी ती सायीत कालवली आणि चंद्रीच्या गालांवर थापली. रंग अगदी तिच्या कातडीचा... वण बुजले. आई म्हणाली, "ही कुणाची गं पोरगी?"

स्थळ जमलं. लग्न लागल्यावर मी तिच्याजवळ डबी भरून दिली आणि कानात सांगितलं, "धुतलेलं तोंड नवऱ्याला कधी दावू नगंस." या एका वाक्यावर त्या येडीनं अख्खा संसार काढला.

कोंबडा आरवायच्या आत उठायची, घर जागं होईपर्यंत तोंड तयार. तुरीच्या काढणीला भर उन्हात घाम पुसायची नाही... पदराच्या टोकानं टिपायची. लोक म्हणायचे, चंद्री लई नाजूक.

भुकटीची पुडी आई दर पावसाळ्यात पाठवायची. आई गेली, तशी पुडी थांबली. एकदा भेटल्यावर मी विचारलं, "आता कसं करायलीस गं?"

"काय की अक्का, डबी संपंनाच."

"मग अशी न संपणारी एखादी डबी मलाबी दे, तेलाची," मी चिडवलं. गालावर हात ठेवून हसली. हसतानाही हात गालावरच.

पुढं माझा लेक शाळेत जायचा तेव्हा चंद्री तापानं तीन दिवसांत गेली.

शेवटची आंघोळ मीच घातली. गालांवर पाणी ओतलं, भुकटी वाहून गेली आणि वण उघडे पडले... तेवढ्यात दारात तिचे मालक येऊन उभे राहिले. मी झटकन दोन्ही हातांनी तिचं तोंड झाकलं. मेल्यावर तरी तिचं उघडं पडू नये, एवढंच सुचलं मला.

"झाकू नगा अक्का," ते म्हणाले. "म्या बघितलंय. हळदीच्या न्हाणात चूळ टाकली की तिच्या तोंडावर... तवाच समदं उतरलं हुतं."

हळद उतरवताना नवरानवरी एकमेकांवर चुळा टाकतात. सगळा डाव मांडला आणि तेवढंच विसरले मी. तिनं लगेच पदर ओढला असणार, तिला वाटलं कुणी बघितलं नाही.

"आन् डबी?" मी विचारलं.

"म्याच भरायचो. माळावरून आणून, वाळवून."

"मग तिला बोलला कामून न्हाई, पाव्हणं?"

"एवढ्या पहाटं उठून लावायची ती... कसं बोलावं?"

कोनाड्यातून त्यांनी डबी आणली. काठोकाठ भरलेली. लावू का, मी विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली, खाली बसले आणि तिच्याकडं बघत राहिले... बायकोचं तोंड त्या दिवशी त्यांनी पोटभर बघितलं.

तिला कळलं होतं का, डबी कोण भरतंय? मला अजून ठाऊक नाही.

येत्या रविवारी नातीला बघायला पाव्हणे येणार आहेत. लाव बाई तुझं मशरूम, चांगलं लाव. पण ज्याच्यासंगं राहायचं, त्याला आधी एकदा धुतलेलं तोंड दाखव...

चंद्रीला मी याच्या उलटं सांगितलं होतं.