कस्तुराबाईने न सांगितलेली गोष्ट

आसेगावची कस्तुराबाई चाळीस वर्षं सुईण होती. दवाखाना झाला, गाडी दारात यायला लागली, तसं तिला बोलावणं बंद झालं. पण गावातली निम्मी माणसं पहिल्यांदा रडली ती तिच्याच हातांत.

मागच्या हिवाळ्यात वाशिमच्या कॉलेजातली निकिता तिच्याकडे आली. समाजकार्य शिकणारी पोरगी, तिला एका बाईचं आयुष्य लिहून काढायचं होतं. फोनवर रेकॉर्डिंग लावून ती म्हणाली, "आजी, तुमी बोला. मी आयकून राह्यली."

असं आजवर कोणी म्हटलंच नव्हतं. कस्तुराबाई बोलत सुटली आणि बोलता बोलता देवलेपाशी आली. देवला तिची जिवाभावाची मैत्रीण. बाळ आडवं आलेलं, नाल्याला पूर, बैलगाडी पलीकडे जाईना. बाळ वाचलं, देवला गेली. हे गावाला ठाऊक होतं. तिचं शेवटचं बोलणं मात्र कस्तुराबाईने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"म्हणे, तू हायेस ना, मंग मी कायले भिऊ?"

निकिताचेही डोळे भरले.

उन्हाळ्यात तिचा फोन आला. अहवालाला पहिला नंबर मिळाला होता, कॉलेजात वाचनाला याच म्हणाली. कस्तुराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, नवऱ्याला, जगदेवला, घेऊन एसटीने गेली. दोघांना पहिल्या रांगेत बसवलं. निकिता वाचू लागली.

"अकाली वैधव्य आलेल्या कस्तुराबाई परिस्थितीशी झुंजल्या. त्या अभिमानाने सांगतात, माझ्या हातून एकही माता दगावली नाही."

टाळ्या पडल्या. शेजारी टोपी मांडीवर घेऊन बसलेला जगदेव हळूच म्हणाला, "मी कवा मेलो वं?"

कस्तुराबाईला हसू आलं नाही. ती उभी राहिली.

"हे म्या नाई सांगतलं. देवला गेली माह्या हातून. तुह्यापुढं रडून सांगतलं ना, पोरी?"

कॉलेजातले सर विचारायला लागले तशी निकिताने रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. परीक्षा तोंडावर होती, रेकॉर्डिंग तीन तासांचं. तिने चॅटबॉटला नाव, गाव, वय आणि काम एवढंच सांगितलं. त्याने घडीभरात बारा पानं लिहून दिली. रेकॉर्डिंग तिने एकदाही ऐकलं नव्हतं.

बक्षीस काढून घेतलं गेलं. आठ दिवसांनी निकिता आसेगावला येऊन पाया पडली. कस्तुराबाईने तिला पाणी दिलं.

"आता तरी आयकलं का फोनातलं?"

"फोन भरला होता, आजी. पुसून टाकलं."

कस्तुराबाईने रिकामा पेला उचलला. "तुह्या डोयात पाणी आलं होतं. मले वाटलं, पोट्टी आयकून राह्यली."

"खरंच आलं होतं, आजी."

"मंग असं काहून केलं?"

निकिताने पिशवीतून वही काढली. "पुन्हा सांगता का? या वेळी हातानं लिहिते."

"नाई."

यंदा दुसरी एक मुलगी वही घेऊन आली. कस्तुराबाई ओट्यावर गहू निवडत होती. मुलीने तिलाच विचारलं, "कस्तुराबाई कुठं राहतात?"

वर न बघता ती म्हणाली, "ते गावाले गेली."