नणंदेची साक्ष

माझ्या वहिनीला सेहेचाळिसाव्या वर्षी विद्यापीठाचं वेड लागलं, आणि तेही एका विषयाचं नाही! सकाळी इंग्रजी साहित्य, दुपारी गुन्हेशास्त्र. दादा म्हणाला, "अगं, एक काय ते धड कर." मी म्हटलं, "तू गप्प बस. तुला एकही जमला नव्हता." आणि मीच तिला प्रवेश घ्यायला घेऊन गेले.

मग काय, घराचं पोलीस ठाणं झालं. दूध उतू गेलं तरी ओटा पुसायचा नाही, आधी घटनास्थळाची पाहणी! डब्यातली बिस्किटं संपली की दादाची उलटतपासणी. बिचारा लगेच गुन्हा कबूल करायचा.

पण सहामाहीत घोटाळा झाला. साहित्याच्या पेपरात एका कादंबरीवर प्रश्न होता: सासऱ्याला विष घालणाऱ्या सुनेचं स्वभावचित्र लिहा. वहिनीने दुपारच्या सवयीने चक्क तपासाचा अहवाल लिहिला आणि शेवटी ठोकून दिलं, 'पुरावा अपुरा. सून निर्दोष.' साहित्याच्या बाईंनी बोलावणं धाडलं. यात नापास म्हणजे दोनपैकी एक विषय सोडावा लागणार. वहिनी घरातच अडून बसली.

"वन्सं, मी नाही जात. हसं होईल माझं."

"होऊ दे," म्हटलं, आणि ओढतच नेलं तिला.

बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "वीस वर्षं शिकवतेय मी ही कादंबरी. विष सुनेनेच घातलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

"पण सांगतंय कोण?" वहिनीला एकदम चेव आला. "पुस्तकभर बोलते ती तिची नणंद. विष घालताना तिनेही पाहिलेलं नाही, नुसतं 'मला कळलंच' म्हणते. भावजयीबद्दल नणंदेची साक्ष, बाई! कुठलं कोर्ट मानेल?"

बाईंनी पुस्तक उघडलं, भराभर पानं उलटली आणि खो खो हसत सुटल्या. "अहो, या बयेवर मी डोळे झाकून विश्वास ठेवला की! पास आहात. दोन्ही विषय चालू ठेवा. फक्त उत्तराखाली 'तपास अधिकारी' म्हणून सही करू नका." मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "आपण कोण?"

"मी हिची नणंद," मी फणकाऱ्याने म्हटलं. "माझी साक्ष बाद झालेली दिसतेय."

वहिनीने माझा हात घट्ट धरला. "यांची नाही हं, बाई. मला हे जमेल, अशी साक्ष आख्ख्या घरात एकट्या यांनीच दिली होती."

माझी जीभ काही कमी तिखट नाही, पण तेव्हा बाईंच्या खोलीतच मी हमसून हमसून रडले, आणि फार फार बरं वाटलं.