मामा वाट चुकतो

आधीच सांगते, मी भोरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात पोरांनी भुताचा विषय काढला की मी म्हणते, "बाळांनो, पुरावा आणा, मग बोलू." या ग्रुपवरचे इतरांचे अनुभव वाचतानासुद्धा मनातल्या मनात माझा लाल पेन चालू असतो... हे कसं शक्य आहे, ते तेव्हाच का नाही पाहिलं, वगैरे. आज स्वतःचाच अनुभव लिहायला बसलेय. तर काढा चुका. खरंच काढा, एखादी जरी सापडली तरी मला हवी आहे.

त्याआधी माझं व्यसन सांगायला हवं. मला वाट लागलेल्या जगाच्या कादंबऱ्या फार आवडतात. विज्ञानकथा म्हणा, भविष्यकथा म्हणा. सरकारने माणसांच्या डोक्यात यंत्र बसवलंय, पाणी संपलंय, शहराला काचेचं झाकण घातलंय, असं काही हातात आलं की मला भाजी करपल्याचा वास येत नाही. अट एकच, शेवट गोड नको. नायक सुटला, सूर्य उगवला, असं झालं की मी पुस्तक मिटून म्हणते, फसवलं मेल्याने! नवरा म्हणतो, "घरात कटकटी कमी आहेत का, म्हणून विकतच्या आणतेस?" आणि माझा धाकटा भाऊ नितीन तर पेपरातलं राशिभविष्य सोडून काही वाचत नाही. "ताई, तुझी पुस्तकं म्हणजे लाइटबिल भरून अंधार," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

नितीन वेल्ह्याला नोकरी करतो, तिथेच खोली घेऊन राहतो. लग्न व्हायचंय. आमचे वडील लवकर गेले. आईने ब्लाउज शिवून आम्हाला वाढवलं. ती गेली तेव्हा हा इतका रडला की मला माझं रडणं बाजूला ठेवावं लागलं. तेव्हापासून भाऊबीजेला ओवाळून झालं की आम्ही दोघं बसून आईच्याच गप्पा मारायचो. नितीन तिची नक्कल करायचा, मशीनवर बसून आम्हाला शिव्या घालणारी आई, दोरा तोडता तोडता. मी हसून हसून पदर डोळ्याला लावायची.

गेल्या दिवाळीत माझ्या सासूबाई खळ्यात पाय घसरून पडल्या. पायाला प्लास्टर. त्यामुळे आमची दिवाळी भोरला न होता त्यांच्याकडे, धरणाकाठच्या हिर्डोशीला झाली. भाऊबीजेच्या दिवशी नवरा गाडी घेऊन त्याच्या बहिणीकडे पालीला गेला. घरी मी, सासूबाई आणि माझी लेक सई. नितीनचा भोरमधून फोन आला, "पेढे घेतलेत, निघालोय. पोचतोच." आवाज अगदी मजेत.

दुपारची वेळ. सासूबाई कॉटवर पडून वैतागलेल्या. टीव्हीला सिग्नल नाही. मला म्हणाल्या, "ते काय वाचतीस गं सारखी? म्होट्यानं वाच की, आमी बी आयकू."

पुस्तक इंग्रजी, आदल्याच दिवशी उघडलेलं. नाव सांगत नाही, कारण पुढे कळेल. मी आपलं वाचत वाचत मराठीत सांगायला लागले. एक माणूस रोजच्याच रस्त्याने घरी निघालाय...

"आगं थांब थांब!" सासूबाई एकदम म्हणाल्या. "गोष्ट हाय व्हय ही? मला वाटलं म्हायती हाय. दिसा गोष्ट सांगू नगं, मामा वाट चुकतो."

सई खिदळली. "आजी, आमचा मामा आणि वाट चुकणार? मॅप लावून बाथरूमला जातो तो!"

मीही हसले. हे मी लहानपणी ऐकलेलं. आयांना दुपारी झोपायला मिळावं म्हणून कुणीतरी काढलेली पुडी, असं मी सईला शास्त्रशुद्ध समजावलं, आणि पुढे वाचू लागले. तर, त्या माणसाचा रोजचा रस्ता त्या दिवशी संपतच नाही. मग समोर येते एक राखाडी भिंत. भर दुपारी पांढरे दिवे लागलेत. माणसं रांगेत उभी आहेत, कुणी कुणाशी बोलत नाही. भोंग्यातून एका बाईचा आवाज येतोय... थांबा. तुमची पाळी येईल. तोही रांगेत उभा राहतो.

इथे मी थांबले, कारण ओवाळणीचं ताट करायचं होतं. नितीन यायची वेळ झाली होती. मग वेळ टळून गेली. फोन लावला तर लागेना. त्या बाजूला रेंजचं तसं रडगाणंच आहे, म्हणून मी आधी काळजी केली नाही.

मग त्याचाच फोन आला.

"ताई, मी कुठल्या रस्त्याला लागलोय कळत नाहीये गं."

"चुकायला दुसरा रस्ता आहे का तिथे? धरणाचं पाणी एका हाताला ठेव आणि ये."

"पाणी दिसतच नाहीये. केव्हाचं दिसलं नाही. इथे भिंत आहे मोठी. दिवे लावलेत, भर दुपारी... चेकिंग असेल काहीतरी. लोक रांगेत उभे आहेत."

मी सईकडे पाहिलं. कार्टीने मामाला मेसेज करून सामील करून घेतलं असणार! मी डोळे वटारले तर ती घाबरून म्हणाली, "आई, माझ्याकडे फोन कुठाय? तुझ्याच हातात आहे ना." खरं होतं. घरात तेवढा एकच फोन.

"नित्या, चेष्टा पुरे हं. पेढे गरम होतील."

"चेष्टा नाही गं," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता. "इथे कुणी बोलत नाही. गळ्यात पत्र्याचा बिल्ला घालतायत एकेकाच्या. मलापण घातला. गार आहे. माझी पाळी आली की फोन करतो." आणि फोन तुटला.

बिल्ल्याचं मी सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं. मी पुस्तक उघडलं, पान उलटलं, आणि पुढच्याच पानावर एक हात येऊन त्या माणसाच्या गळ्यात पत्र्याचा गार बिल्ला घालत होता.

खोटं कशाला सांगू, विज्ञान वगैरे सगळं गेलं चुलीत. घरात गाडी नाही, एसटी सणाची, तिचा भरवसा नाही. परत परत फोन लावला, लागेना. मी उभ्या उभ्या शेवटचं प्रकरण चाळलं. त्या माणसाची पाळी येते, तो बिल्ला दाखवतो, आत जातो. दार लागतं. बाहेर भोंगा म्हणतो, पुढचा. संपलं पुस्तक. एरवी मी काय खूश झाले असते! अशा शेवटासाठीच तर मी पैसे मोजते.

सासूबाईंना यातलं काही कळलं नव्हतं. त्या आपल्या गोष्टीतच. "मंग? त्या गड्याचं म्होरं काय झालं?"

तेव्हा मला जे सुचलं ते मी केलं. का केलं, विचारू नका. बुडत्याला काडीचा आधार. मी पुस्तक हातात धरलं, आणि त्यात नसलेलं मोठ्याने वाचायला लागले.

"त्याची पाळी यायच्या आत दिवे गेले," मी म्हणाले. "अंधारात त्याने बिल्ला काढून फेकला. मागे फिरला. त्याची गाडी तिथेच उभी होती. रस्ता सापडला. पाणी दिसलं. त्याच्या हाताला, डाव्या हाताला, पाणी दिसलं! आणि तो घरी आला."

"खुशाल आला ना?" सासूबाईंनी विचारलं.

"खुशाल आला. ओरखडासुद्धा नाही. आणि... आणि मागचं सगळं विसरून तो सुखाने राहू लागला."

"हां. आता सुफळ संपूर्ण म्हन. त्याबिगर गोष्ट पुरी व्हत न्हाई."

"सुफळ संपूर्ण," मी म्हणाले.

सई माझ्याकडे टकामका बघत होती. थोड्याच वेळात दारात हॉर्न वाजला, आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन नितीन खाली उतरला. हसत. शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. मी धावत जाऊन त्याला मिठी मारली तर म्हणाला, "काय गं ताई, एवढं काय झालं? जरा उशीर झाला वाटतं."

"भिंत कसली होती?"

"कसली भिंत?"

फोन केलेलाही त्याला आठवत नव्हता. माझ्या मोबाईलवर त्याचा कॉल दिसत होता, त्याच्याही मोबाईलवर होता. त्याने खांदे उडवले. मला काय त्याचं! माणूस घरी आला होता. मी ओवाळलं, पेढा भरवला, देवाला कधी नव्हे तो नमस्कार केला. मग आम्ही बसलो, आणि मी म्हणाले, "चल, आता आईची नक्कल कर."

नितीन हसला. पाहुण्यांकडे गेल्यावर जसं हसतो तसं. "कुणाची?"

मला आधी वाटलं, दमलाय. मग वाटलं, चिडवतोय. भोरपासून पुण्यापर्यंत डॉक्टर झाले. डोक्याचे सगळे फोटो स्वच्छ आले. ताण आहे म्हणाले, हळूहळू येईल म्हणाले. काहीच आलेलं नाही. त्याला नोकरी आठवते, मी आठवते, सई आठवते. पण आमचं जुनं घर, वडील, शाळा, आई, सगळं पुसलेलं. आणि तो सुखात आहे हो! तीच तर भीती आहे. पूर्वी रात्ररात्र जागायचा, आता पडला की झोपतो. अंगाने भरलाय. ऑफिसातले म्हणतात, नितीनराव किती बदलले, कायम हसतमुख. मी ऐकते आणि विषय बदलते. गोष्टीचा शेवट गोड करायचा म्हणून एक वाक्य बोलले मी. आपण सगळेच बोलतो असं, मागचं विसर, सुखाने राहा. दुसरं कुठलंही बोलता आलं असतं मला. "तो घरी आला" इथे थांबले असते तरी चाललं असतं!

तो रस्ता मी नंतर नवऱ्याबरोबर जाऊन येऊन पाहिला. वाटेतल्या वाड्यांवर विचारलं. भिंत नाही, चेकिंग नव्हतं, दिवे तर नाहीतच. डुलकी लागली असेल, स्वप्न पडलं असेल, धक्का बसला असेल, मी सगळं धरून बघितलं. बिल्ल्यापाशी येऊन सगळं अडतं. ते पुस्तक मी परत उघडलेलं नाही, आणि कुणी उघडावं असं मला वाटत नाही. म्हणून नाव सांगितलं नाही.

मागच्या रविवारी मी वेल्ह्याला त्याच्या खोलीवर गेले होते. डॉक्टर म्हणतात, जुनं बोलत राहा. म्हणून बोलत बसले. आई मशीनवर कशी बसायची, दोरा दातांनी कशी तोडायची, तापात त्याच्या उशाशी कशी बसून राहायची, शेवटी दवाखान्यात त्याचाच हात कसा धरून ठेवला होता. नितीनने हातातलं काम बाजूला ठेवून सगळं ऐकलं. मन लावून ऐकलं. माझे डोळे पुसायला स्वतःचा रुमाल दिला.

मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "फार चांगल्या होत्या गं ताई, तुझ्या आई."

आईला आम्ही दोघांनी जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं.